रोजगारातला रोज

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परंड्याकडं सकाळी एखादी बाई भाकरी फडक्यात बांधून, खुरपं पाटीत टाकून निघाली की शेजारीण विचारते, "आज कुणाकडं रोजगाराला?" या मुलखात रोजगार म्हणजे दुसऱ्याच्या रानातलं दिवसाचं काम. त्यापलीकडं या शब्दाला फारसा अर्थ नाही. त्याच घरातला बी.ए. झालेला मुलगा पोलीस भरतीसाठी पहाटे बार्शी रोडला धावून येतो, दिवसभर अभ्यासिकेत बसतो, आणि कुणी विचारलं तर सांगतो, "बेरोजगार आहे." आई रोजगारी, मुलगा बेरोजगार. सोयाबीनच्या काढणीत तो आईबरोबर आठ दिवस राबतो, हातात पैसेही येतात, तरी त्याचं उत्तर बदलत नाही. कारण त्याच्या लेखी रोजगार ही चीज नोकरीच्या विरुद्ध टोकाला आहे.

आणि मग दिल्लीहून आकडा येतो. २०२३-२४ सालात देशातला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के. शंभरातले तीन. भूमच्या एस. टी. स्टँडवर दुपारी बारा वाजता उभं राहून हा आकडा मोठ्यानं वाचून पाहावा. लोक हसतील किंवा चहा पाजतील. पण आकडा खोटा आहे म्हणून हात झटकणंही सोपंच. तो खोटा नाही. तो एका विशिष्ट मापानं मोजलेला आहे, आणि ते माप कुठून आलं, कुणी घडवलं, वाटेत त्यातलं काय गळून पडलं, याची एक लांबलचक वंशावळ आहे. तिच्यात भूमसारख्या तालुक्यांचा वाटा वाटतो त्याहून मोठा आहे.

आधी शब्दच पाहू. बेकार, बेगार, रोजगार हे सगळे फारसीतून आले. फारसीत 'रोज' म्हणजे दिवस, आणि 'रोजगार' म्हणजे काळ, जमाना, दैव, आणि त्यातूनच चरितार्थ. पेशवाईच्या कागदांत शिपायांचा 'रोजमुरा' भेटतो. आपल्याकडं दिवस आणि दिवसाची मजुरी दोन्हींना 'रोज'च म्हणतात: "रोज किती देतो?", "माझे चार रोज राहिलेत." 'बेकार'चं मात्र मराठीत वाटोळं झालं. बिनकामाचा या अर्थापासून तो घसरत घसरत वाईट, टाकाऊ या अर्थापर्यंत आला. सिनेमाही बेकार आणि भाजीही बेकार. काम नसलेल्या माणसाला हा शब्द टोचू लागला, तेव्हा सरकारी कागदांनी 'बेरोजगार' जवळ केला. पुढं 'सुशिक्षित बेरोजगार' हे जोडनाव रूढ झालं. अशिक्षित बेरोजगार असं काही असतं, हे कुणी म्हणत नाही. ते का, हे पुढं कळेल.

बेरोजगार मोजण्याची कल्पना फार जुनी नाही. १८७८ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मंदी होती, आणि तिथं लाखो लोक कामाविना असल्याची आवई उठली होती. तिथल्या कामगार सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख कॅरोल राइट यांनी गावोगावी चौकशी करवली. पण मोजायचं कुणाला? त्यांनी ठरवलं, धडधाकट प्रौढ पुरुष, आणि तोही ज्याला काम खरोखर हवंय असाच. आकडा तीस हजारांच्या आत आला. बेरोजगारीच्या पहिल्या आकड्यापासूनच व्याख्येत आधी चाळण लागली, मग मोजणी झाली. यात लबाडीच होती असं मी म्हणत नाही. व्याख्येशिवाय मोजता येतच नाही. पण चाळणीची भोकं किती मोठी ठेवायची, हे कुणीतरी ठरवतं.

आपल्याकडं त्याच सुमारास वेगळ्याच वाटेनं मोजणी सुरू होती. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजी मुलखात दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांत एक युक्ती होती: चाचणी कामं. पाऊस हुकला की सरकारनं कमी मजुरीवर खडी फोडायचं किंवा माती वाहायचं काम काढायचं आणि किती माणसं येतात ते पाहायचं. इतक्या कमी पैशांत, इतक्या उन्हात लोक आले, म्हणजे दुष्काळ खरा. न आले, तर नाही. भूम तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, तरी ही पद्धत पुढं सगळ्या मराठी मुलखाच्या अंगवळणी पडली. ती निर्दयी होती. पण तिच्यात एक गोष्ट सरळ होती. व्याख्या करण्याऐवजी काम समोर ठेवायचं आणि येणारी डोकी मोजायची. हजेरीपट हीच तिथली सांख्यिकी होती. या दोन वाटा, एक प्रश्न विचारून मोजायची आणि दुसरी काम देऊन मोजायची, लक्षात ठेवा. त्या पुढं भूमच्या माळरानावर एकमेकींना भेटतात.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा फौजेतून सुटणाऱ्या शिपायांची सोय लावायला १९४५मध्ये सेवायोजन कार्यालयं निघाली. १९४८पासून ती सगळ्यांना खुली झाली. १९५९मध्ये रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवण्याची सक्ती करणारा कायदा आला. मग तीस-चाळीस वर्षं महाराष्ट्रातल्या दहावी-बारावी झालेल्या प्रत्येक पोराच्या ट्रंकेत एक कार्ड असे. नाव नोंदवायचं, मुदत संपायच्या आत नूतनीकरण करायचं, आणि 'कॉल'ची वाट पाहायची. कॉल हा शब्द त्या पिढीच्या तोंडी देवासारखा होता. "कॉल आलाय" म्हटलं की गावात बातमी पसरायची. भूमहून जिल्ह्याच्या गावी जाऊन यायला अख्खा दिवस मोडायचा, म्हणून पुष्कळांची कार्डं वेळेवर नवी झाली नाहीत आणि पटावरून नावं गेली. दुसरीकडं नोकरी लागलेले कित्येक जण 'आणखी चांगली मिळेल' म्हणून नाव ठेवून होते. म्हणजे पटावर असलेले सगळे बेकार नव्हते, आणि बेकार सगळे पटावर नव्हते. तरी वर्तमानपत्रांतले मथळे बराच काळ याच पटावरून काढलेल्या लाखांवर चालले.

नियोजन मंडळाला याहून भरवशाचं काही हवं होतं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकारानं १९५०मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि १९५५मधल्या नवव्या फेरीत तिनं रोजगार-बेरोजगारीला पहिल्यांदा हात घातला. योजनांच्या कागदांत 'शिलकी बेकारां'चा एकेक आकडा दिला जाऊ लागला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी ५३ लाख, ती संपताना ९० लाखांच्या घरात. योजना पुढं गेली की शिल्लक वाढायची. एखाद्या दुकानदाराची उधारीची वही असावी तसा प्रकार. शेवटी १९६८मध्ये मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. १९७०मध्ये तिनं अहवाल दिला, आणि त्यातली मुख्य सूचना अशी की एकच आकडा देणं बंद करा.

मला हा अहवाल या सगळ्या कथेतला सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो. समितीचं म्हणणं साधं होतं. कारखान्यातला माणूस भोंगा वाजला की कामावर असतो आणि काढून टाकला की बेकार असतो. पण स्वतःच्या तीन एकरांत राबणारा, पावसाळ्यात अठरा तास आणि उन्हाळ्यात शून्य तास काम करणारा, बायको-पोरांचे हात धरून चालणारा शेतकरी या पेटीत बसत नाही. त्याला बेकार म्हणावं तर तो रोज बांधावर दिसतो. कामात आहे म्हणावं तर त्याच्या असण्या-नसण्यानं पिकात फरक पडत नाही. प्रच्छन्न बेकारी या शब्दाची परीक्षेला आलेली व्याख्या कॉलेजात सगळ्यांनी पाठ केली असेल. दांतवाला समितीनं ती मोजण्याच्या भाषेत आणली: माणूस मोजू नका, वेळ मोजा. अर्थतज्ज्ञ राज कृष्णांनीही १९७३मध्ये बेरोजगार ठरवण्याच्या चार कसोट्या वेगळ्या केल्या: वेळ, उत्पन्न, आणखी कामाची तयारी, आणि कामाची उत्पादकता. एका कसोटीवर कामात असलेला दुसरीवर बेकार निघू शकतो.

यातून तीन मापं आली, आणि इथं मला भूमची बोली आठवते. कारण ही तीन मापं गावात आधीपासूनच होती.

पहिलं माप वर्षाचं. मागच्या ३६५ दिवसांत माणूस मुख्यतः काय करत होता? गावात याला साल म्हणतात. पाडव्याला सालगडी ठरतो, पुढच्या पाडव्याला सुटतो; मधल्या वर्षभर तो एका मालकाचा. दुसरं माप आठवड्याचं: गेल्या सात दिवसांत काय केलं? हा गावचा बाजार. मजुरीचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो, तेल-मीठही त्याच दिवशी येतं. तिसरं माप दिवसाचं, किंबहुना अर्ध्या दिवसाचं. सात दिवसांचे चौदा अर्धे तुकडे करायचे. चार तास किंवा जास्त काम म्हणजे पूर्ण दिवस, त्याहून कमी म्हणजे अर्धा. हा रोज. दिल्लीतल्या तज्ज्ञांनी कधी भूमचा बाजार पाहिला असेल असं नाही. पण काळाचे तुकडे पाडायला माणसाला बहुधा याच तीन जागा सापडतात.

आता ही मापं एकाच बाईला लावू. ती पखरुडकडची असो की वालवडची, तिला जमीन नाही. जून-जुलैत पेरणी आणि खुरपणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, पुढं ज्वारी. मधे मधे रिकामं. पाहणीच्या आठवड्यात ती तीन दिवस कामाला गेली, चार दिवस जायला तयार होती पण कुणी बोलावलं नाही. वर्षाच्या मापात ती रोजगारात आहे, कारण नेहमीच्या व्याख्येत मुख्य कामाबरोबर दुय्यम कामही धरतात आणि दुय्यम कामाला वर्षात तीस दिवस पुरतात. आठवड्याच्या मापातही ती रोजगारात आहे, कारण सात दिवसांत कुठल्याही दिवशी एक तास काम केलं तरी आठवडा भरला. एका तासाचा हा नियम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या परंपरेतून आला आहे. रोजाच्या मापात मात्र तिचे तीन दिवस कामाचे आणि चार बेकारीचे. तिन्ही उत्तरं खरी आहेत. तिला विचाराल तर ती तिसरं सांगेल.

या तीन मापांची पहिली मोठी पाहणी, नमुना पाहणीची २७वी फेरी, ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३ अशी चालली. मराठवाड्यातल्या कुणालाही हे महिने वेगळे सांगावे लागत नाहीत. बहात्तरचा दुष्काळ. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलानं गेली, रेशनवर तांबडी मिलो आली, कामावर पोरांना सुकडी वाटली गेली. मे १९७३मध्ये महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रणरणत्या उन्हात खडी फोडणारी, पाझर तलावाच्या भिंतीवर माती टाकणारी. आज भूम-वाशीच्या पट्ट्यात जे जुने पाझर तलाव आणि नालाबंडिंगची कामं दिसतात, त्यांतली कितीतरी त्या वर्षांच्या हातांनी झालेली आहेत.

आता व्याख्या आठवा. खडी फोडणारा मजुरी घेतो, म्हणजे तो रोजगारात. शतकातल्या सर्वांत वाईट दुष्काळात, घरदार सोडून तंबूत राहणारा माणूस पाहणीच्या तक्त्यात कामकरी. तरीही रोजाच्या मापानं देशातली बेकारी त्या फेरीत आठ टक्क्यांच्या वर निघाली. प्रश्न विचारून मोजायची वाट आणि काम देऊन मोजायची वाट या एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यातून गेल्या आणि दोघींचं उत्तर वेगळं आलं. ज्या माणसाला पहिलीनं कामकरी म्हटलं, तोच दुसरीच्या हिशेबात संकटाचा पुरावा होता.

दुसरी वाट महाराष्ट्रानं सोडली नाही, हे आपलं भाग्य. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा छोटा प्रयोग करून पाहिला होता. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१मध्ये दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात काम मागेल त्याला काम देण्याचा हिशेबच मांडला. वसंतराव नाईक सरकारनं १९७२मध्ये योजना जाहीर केली, दुष्काळानं ती गिळली, मग ती पुन्हा उभी राहिली. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर लागला. १९७७मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम. नाही दिलं तर बेकारी भत्ता, तो दिवसाला किमान एक रुपया.

एक रुपया म्हणजे काहीच नाही, तेव्हाही नव्हतं. पण त्यामागचा विचार पाहा. या कायद्यानं भूमिहीन बाईला बेरोजगार म्हणून मान्यता दिली, आणि तीही दिवसाच्या मापानं. तुम्ही शिकलेले आहात का, वर्षभर मुख्यतः काय करता, हे त्यानं विचारलं नाही. आज काम हवं आहे ना? मग अर्ज भरा. पुढं केंद्राच्या २००५च्या कायद्यानं हेच देशभर नेलं, शंभर दिवसांची मर्यादा घालून. महाराष्ट्रानं त्यापुढचे दिवस स्वतःच्या तिजोरीतून धरले. 'नमुना ४' नावाचा मागणीचा कागद आणि त्याची पावती हीच कामाची खरी नोंद. प्रत्यक्षात काय होतं ते भूमचा कुणीही सांगेल. तोंडी मागितलेलं काम मागणीत धरलं जात नाही, पावती हातात पडत नाही, आणि पावती नाही म्हणून भत्ता नाही. मागणीच नोंदली गेली नाही की बेकारीही नाही. हजेरीपटाच्या जागी मोबाईलवरच्या फोटोची हजेरी आली, तेव्हा नेटवर्क नसलेल्या माळावर मजूर हात वर करून उभे राहिलेले लोकांनी पाहिलेत. मोजण्याची जी वाट काम देऊन सुरू झाली होती, तिलाही चाळण लागली.

इकडं पाहण्यांचा सिलसिला दर पाच वर्षांनी चालू राहिला. देशाचा कल सांगायचा तर थोडक्यात सांगता येतो. वर्षाच्या मापानं १९९३-९४मध्ये बेरोजगारी दोन टक्क्यांच्या आत, २००४-०५मध्ये २.३, २०११-१२मध्ये २.२. इतकी सपाट रेषा की तिच्यावरून देशात काही घडतंय याचा पत्ता लागू नये, आणि त्याच वर्षांत उदारीकरण झालं, मुंबईच्या गिरण्या मेल्या, मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्या. रोजाचं माप मात्र हलत होतं: नव्वदच्या दशकारंभी सहाच्या आसपास, २००४-०५मध्ये पुन्हा आठच्या वर, २०११-१२मध्ये ५.६. २.२ आणि ५.६, एकाच पाहणीतून, एकाच वर्षी.

२०१७पासून पाच वर्षांच्या पाहण्यांच्या जागी दरवर्षीची कामगार पाहणी आली. तिचा पहिला अहवाल २०१७-१८चा, ६.१ टक्के. तो छापायला उशीर होतोय म्हणून जानेवारी २०१९मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी, पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी, राजीनामे दिले. आकडा वर्तमानपत्रात फुटला आणि अधिकृतपणे निवडणुकीनंतर, मे २०१९अखेर आला. मथळा होता, ४५ वर्षांतली सर्वांत जास्त बेरोजगारी. पंचेचाळीस वर्षं मागं मोजत गेलं की बरोबर बहात्तर-त्र्याहत्तरला पोचतो. त्याच्या आधी तुलनेला पाहणीच नव्हती, म्हणून मथळा तिथं थांबला. मला त्या दिवशी गंमत वाटली ती याची: आमच्या दुष्काळाचं वर्ष देशाच्या बेरोजगारीचा मैलाचा दगड होऊन बसलंय, आणि ज्यांनी तो दगड फोडला ते त्यात कामकरी म्हणून नोंदलेले आहेत.

मग आकडा उतरू लागला. ५.८, ४.८, ४.२, ४.१, ३.२ आणि पुन्हा ३.२. यातला ४.८ हा जुलै २०१९ ते जून २०२०चा आहे, म्हणजे टाळेबंदी धरून. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरांतली बेरोजगारी आठवड्याच्या मापानं वीस टक्क्यांच्या वर गेली होती. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबईहून पोरं मिळेल त्या वाहनानं, नाहीतर चालत, भूमच्या गावांत परत आली. आली आणि घरच्या शेतात उभी राहिली. त्या वर्षी शेतीवर असलेल्यांचा देशातला वाटा ४२.५वरून ४५.६ टक्क्यांवर गेला. विकासाच्या पुस्तकांत हा बाण नेहमी खाली जातो. इथं तो वर वळला, आणि २०२३-२४मध्येही तो ४६.१ होता. बापाच्या चार एकरांत दोन जणांचं काम चार जण करू लागले, की चौघंही रोजगारात. दांतवालांच्या समितीनं पन्नास वर्षांपूर्वी सांगितलेलं हेच.

दुसरा बदल बायांचा. ग्रामीण भागात पंधरा वर्षांवरच्या बायांचं श्रमशक्तीतलं प्रमाण २०१७-१८मध्ये २४.६ टक्के होतं, ते २०२३-२४मध्ये ४७.६ झालं. सहा वर्षांत जवळपास दुप्पट. इथं खवा समजून घ्यावा लागतो.

भूम तालुका खव्याचा. कुंथलगिरीच्या जैन तीर्थामुळं तिथला पेढा पूर्वीपासून ठाऊक होताच; आता कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही आहे. बालाघाटाच्या या उथळ मुरमाड रानात पिकाचा भरवसा नाही, म्हणून घरोघर म्हैस आणि दूध. दूध भट्टीवर जातं, मोठ्या कढईत आटतं. म्हशीच्या पाच-एक लिटर दुधाचा किलोभर खवा. भट्टीवर बहुधा पुरुष. पण म्हैस सांभाळणारी, धार काढणारी, शेण उचलणारी बाई. तिला तक्त्यात कुठं टाकायचं? पाहणीत प्रत्येकाला दोन आकडी खूण मिळते. काम शोधणारा बेरोजगार म्हणजे ८१. केवळ घरकाम करणारी ९२. घरकामाबरोबर सरपण, वैरण गोळा करणारी ९३. घरच्या उद्योगात बिनपगारी हातभार लावणारी २१. वैरण आणली की ९३, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. त्याच वैरणीवरल्या म्हशीची धार विकण्यासाठी काढली की २१, म्हणजे रोजगारात. ९३ आणि २१ यांच्यामध्ये गोठ्याचा उंबरा आहे. पाहणी करणाऱ्यानं नीट विचारलं तर बाई ओलांडते, घाईत विचारलं तर अलीकडं राहते. "काही नाही हो, घरीच असते," असं ती स्वतःच सांगते, शेणाचे हात पुसत. तेव्हा नीट विचारलं जातंय याचा मला आनंदच आहे. तिचं काम काम म्हणून लिहिलं जावं. फक्त २१ या खुणेखाली पगार शून्य असतो, आणि बेरोजगारीचा दर उतरला म्हणून अभिनंदन होतं तेव्हा त्यात तिचा बिनपगारी दिवस मोजलेला असतो.

आणि तिच्या हातातून गेलेलं काम? तणनाशकाच्या फवारणीनं खुरपणी निम्म्यावर आली. ज्वारीची काढणी, मोडणी, मळणी महिना-दीड महिना चालायची. सोयाबीन आलं आणि काढणी पंधरवड्यात उरकू लागली, तीही गुत्त्यानं. गुत्तं घेतलेली टोळी पहाटे चारला रानात असते, एकराचा भाव ठरलेला, रोज मोजायचा प्रश्नच नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मोजमापाचं असं अजब एकक दुसरं नसेल: दोन माणसं आणि एक हत्यार मिळून एक. पाच महिने ती कर्नाटकात किंवा कोल्हापूर-सांगलीकडं, घराला कुलूप. या काळात पाहणी गावात आली तर दार बंद.

राहिला तो बी.ए. झालेला मुलगा. २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीच्या मानव विकास संस्थेच्या अहवालानं दाखवलं की तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के आहे आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ३.४. जवळपास नऊ पट. शिक्षणानं बेकारी वाढते, असा याचा अर्थ काढणारे आहेत. पण नीट पाहिलं तर बेरोजगार राहायला ऐपत लागते. आई रोजगाराला जाते, बाप म्हैस पाळतो, म्हणून मुलगा ८१ राहू शकतो. अभ्यासिकेची फी, पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या खोलीचं भाडं, चार-पाच वर्षांच्या स्पर्धा परीक्षा, हे घर पेलतं. ज्याला पेलत नाही तो आकड्याबाहेर, टोळीत. म्हणून तर 'अशिक्षित बेरोजगार' असा शब्दच झाला नाही. १९३१च्या जनगणनेतही खास इंग्रजी शिकलेल्या बेकारांसाठी वेगळी चौकशी झाली होती. तेव्हापासून आपण बेकार म्हटलं की सदऱ्याच्या खिशाला पेन असलेला माणूसच पाहतो.

जानेवारी २०२५पासून पाहणीची घडी पुन्हा बदलली. आता आकडा दर महिन्याला येतो, आठवड्याच्या मापानं. एप्रिल २०२५चा पहिला आकडा ५.१, मेचा ५.६. आदल्या वर्षी ३.२ वाचलेल्यांनी डोळे चोळले. पण कुणाचं काम गेलं नव्हतं. सालाच्या जागी बाजार आला होता. एप्रिल ते मे ग्रामीण भागात ४.५चे ५.१ झाले, यात तर काहीच गूढ नाही. रब्बीची काढणी सरली, ऊन चढलं, मृगाला अवकाश. हे भूममध्ये कुणीही फुकट सांगितलं असतं.

पूर्वी वर्षाला साधारण एक लाख कुटुंबं निवडली जायची, आता पावणेतीन लाखांच्या आसपास; आणि नमुना आखताना जिल्हा हे पायाभूत एकक धरलं जातं. म्हणजे धाराशिव जिल्ह्यातली काही दारं दर वर्षी वाजणार. रोजाचं माप मात्र गेलं. २०११-१२ ही ते छापलेली शेवटची फेरी. त्यात दोष होते, नाही असं नाही. ते माणसं मोजत नाही, दिवस मोजतं. त्यावरून 'इतके लोक बेकार' असं म्हणता येत नाही, आणि मंत्र्याला, पत्रकाराला लोकांचीच संख्या हवी असते. जगाशी तुलनाही आठवड्याच्या मापानं होते.

पण प्रश्नावली उघडून पाहिली तर गंमत दिसते. सात दिवसांचे सात रकाने अजून तिथं आहेत. सोमवारी काय केलं, किती तास, मंगळवारी किती. पाहणी करणारा ओट्यावर बसतो, टॅबवर बोट ठेवून विचारतो, आणि बाई बोटांच्या पेरांवर मोजत सांगते: परवा पाटलाकडं, काल नाही, आज नाही, त्याच्या आधी अर्धा रोज. तो ते तासांत भरतो.